आपल्याच डोक्याची सावली

डोळ्यांत थेंब घालून आपल्याला बाकावर बसवून ठेवतात, तो अर्धा तास मोठा विचित्र असतो. हळूहळू हातातलं वर्तमानपत्र धूसर होतं, समोरच्या भिंतीवरची पाटी पसरट होते, मोबाइलवरची अक्षरं मुंग्यांसारखी पांगतात. ज्याचा सारा जन्म आकडे तपासण्यात आणि उरलेला कादंबऱ्या लिहिण्यात गेला, त्या माणसाने अशा वेळी करावं तरी काय? मी शेजारच्या माणसांशी बोलत बसतो. गेल्या खेपेला शेजारी माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठ्या असलेल्या एक मावशी होत्या. मधुमेह जुना, म्हणून नातवाने त्यांना जबरदस्तीने आणलं होतं. त्यांची कुरकुर चालू होती. अजून सुईत दोरा ओवता येतो, तांदळातला खडा दिसतो, मग डोळ्याच्या आत काय बघायचं ठेवलंय, असा त्यांचा सवाल होता.

मला त्या सवालाचं हसू आलं नाही. कारण अगदी हाच सवाल आमच्या थोरल्या भावाने केला होता. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. अण्णांना मधुमेह होता, आणि साठी उलटली तरी चष्म्याशिवाय पंचांग वाचता येतं याचा अभिमानही होता. वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्या, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. अण्णांनी ते मनावर घेतलं नाही आणि आम्ही घरच्यांनीही त्यांच्यामागे लकडा लावला नाही. एका सकाळी त्यांना डाव्या डोळ्यासमोर कोळ्याचं जाळं लोंबतंय असं वाटलं. ते हाताने झटकूनही जाईना. आत रक्तस्राव झाला होता, आणि उजव्या डोळ्यातही तीच वाट धरलेली होती. शेवटची सहा वर्षं रविवारची पुरवणी मी त्यांना वाचून दाखवत असे. दोष द्यायचा तर कुणाला? डोळा अखेरपर्यंत दुखला नव्हता आणि दिसत तर सगळं होतं.

माझं नाव पुकारलं गेलं. हनुवटी टेकवा, कपाळ लावा, हिरव्या ठिपक्याकडे बघा. एक लख्ख उजेड, आणि क्षणार्धात संगणकाच्या पडद्यावर माझ्या डोळ्याचा तळ उमटला. केशरी रंगाचं एक वर्तुळ, पौर्णिमेच्या उगवत्या चंद्रासारखं. त्यात एक फिकट पिवळी टिकली आणि तिच्यातून फुटलेल्या तांबड्या वाहिन्या. मुलीच्या वयाच्या डॉक्टरीणबाईंनी पेन टेकवून दोन-तीन बारीक लाल ठिपके दाखवले. मला मात्र त्या ठिपक्यांहून दुसऱ्याच गोष्टीचं नवल वाटत राहिलं. माणसाला डोळे आहेत तेव्हापासून माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघत आली. कवींनी बघितलं, प्रेमिकांनी बघितलं, वैद्यांनी बघितलं. आणि जिवंत माणसाच्या बाहुलीपलीकडे काय आहे, हे १८५० सालापर्यंत कुणालाही नीट दिसलं नव्हतं. ते ज्याने पहिल्यांदा पाहिलं, तो एका मास्तरांचा मुलगा होता. त्याचं नाव हर्मन हेल्महोल्ट्झ.

हेल्महोल्ट्झचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ रोजी बर्लिनजवळच्या पॉट्सडॅम गावी झाला. वडील तिथल्या हायस्कुलात शिक्षक. घरात पुस्तकं मुबलक, पैसे बेताचे. हा थोरला मुलगा प्रकृतीने नाजूक, त्यामुळे लहानपणीचे बरेच दिवस अंथरुणात गेले. पाठांतराची त्याला धास्ती. सुट्या सुट्या गोष्टी लक्षात राहत नसत. डावं कुठलं आणि उजवं कुठलं, यातही त्याचा घोटाळा होई. वर्गात लॅटिनचा तास चालू असला की हा बाकाखाली कागद धरून दुर्बिणीच्या भिंगांतून किरण कसे वळत जातील, याची गणितं मांडत बसे. आजच्या भाषेत सांगायचं तर मुलाचा कल विज्ञानाकडे होता.

पण नुसत्या कलावर पोट भरत नाही, हे मास्तरांच्या घरात कुणी सांगायची गरज नसते. विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवण्याएवढी वडिलांची ऐपत नव्हती. बर्लिनला लष्करी वैद्यकाची एक संस्था होती. तिथे शिक्षण सरकारी खर्चाने होई आणि बदल्यात पुढची आठ वर्षं सैन्यात डॉक्टर म्हणून काढावी लागत. १८३८ साली मुलाने तो करार पत्करला. मी आयुष्यभर कर्जाचे अर्ज हाताळले. घर तारण, जमीन तारण, सोनं तारण, सगळं पाहिलं. सतरा वर्षांच्या पोराने स्वतःची आठ वर्षं तारण ठेवून विद्या उचलावी, हा व्यवहार मला आजही अस्वस्थ करतो. आपल्याकडेही अशी किती पोरं असतील, ज्यांनी आवडीचा विषय बाजूला ठेवून नोकरीचा विषय घेतला!

हेल्महोल्ट्झने आवडीचा विषय बाजूला ठेवला नाही. तो वैद्यकाच्या आत घेऊन गेला. बर्लिनमध्ये त्याला योहानेस म्यूलर यांच्यासारखे थोर शरीरशास्त्रज्ञ गुरू म्हणून लाभले आणि एर्न्स्ट ब्रुके, एमिल द्यु ब्वा-रेमों यांच्यासारखे मित्र मिळाले. १८४१ साली तो लांबलचक तापाने आजारी पडला. संस्थेचा विद्यार्थी म्हणून रुग्णालयातली शुश्रूषा फुकट झाली, आणि अंथरुणावर पडून असल्यामुळे हातखर्चाला मिळणारे चार पैसे साठले. बरा होऊन उठल्यावर त्याने त्या पैशांतून एक सूक्ष्मदर्शक विकत घेतला. फार भारी नव्हता. पण त्याच सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने त्याने पदवीचा प्रबंध लिहिला. आजारपणात बचत झालेलं एवढं एकच उदाहरण माझ्या पाहण्यात आहे.

पुढे पॉट्सडॅमच्या पलटणीत तो डॉक्टर झाला. घोडदळातल्या शिपायांच्या प्रकृती सांभाळायच्या आणि उरलेल्या वेळात बराकीत मांडलेल्या छोट्या प्रयोगशाळेत स्नायूंची उष्णता मोजायची. त्यातूनच १८४७ साली, सव्विसाव्या वर्षात, त्याने ऊर्जेच्या अक्षय्यतेवरचा निबंध लिहिला. ऊर्जा निर्माण होत नाही, नष्ट होत नाही, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते. बँकेत जन्म गेलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. एका बाजूला नावे पडलं की दुसऱ्या बाजूला जमा व्हायलाच हवं, आणि ताळा जमत नसेल तर चूक खात्यांत नाही, आपल्या शोधण्यात आहे. जर्मनीत रॉबर्ट मायर आणि इंग्लंडात जेम्स जूल हेही याच विचारापर्यंत आपापल्या वाटांनी आले होते. हेल्महोल्ट्झने त्याला सर्व पदार्थविज्ञानाला कवेत घेणारं गणिती रूप दिलं. त्या काळच्या प्रतिष्ठित नियतकालिकाने तो निबंध नाकारला. लेखकाने तो पुस्तिका म्हणून छापून घेतला. आज शाळेतल्या पुस्तकात आहे तो हाच नियम.

अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट यांनी शब्द टाकला म्हणून १८४८ साली लष्कराने त्याला मुदतीआधीच मोकळं केलं. दुसऱ्या वर्षी क्योनिग्सबर्गच्या विद्यापीठात शरीरशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली आणि लगेच ओल्गा फॉन फेल्टेन हिच्याशी लग्न झालं. क्योनिग्सबर्ग म्हणजे तत्त्वज्ञ कांटचं गाव. आज ते कॅलिनिनग्राड या नावाने रशियात आहे. तिथे या नव्या प्राध्यापकाने बेडकाच्या पायाचा मज्जातंतू घेऊन त्यातून संदेश किती वेगाने धावतो, हे मोजलं. हा वेग मोजणं माणसाच्या आवाक्यात नाही, असं खुद्द त्याच्या गुरूंचं मत होतं. हेल्महोल्ट्झने तो मोजला आणि निघाला किती, तर सेकंदाला साधारण तीस मीटर. म्हणजे आपल्या एक्स्प्रेस गाडीएवढा. विचार विजेसारखे धावतात, ही कल्पना त्या दिवशी मोडीत निघाली. या प्रयोगांच्या वेळी आकडे टिपून घ्यायला ओल्गा शेजारी बसत असे.

आणि मग १८५० चा हिवाळा आला. घरात काही महिन्यांची मुलगी, कॉलेजात व्याख्यानं. विद्यार्थ्यांना डोळ्याबद्दल शिकवायचं म्हणून प्राध्यापक टिपणं काढत होते. मांजराचे डोळे अंधारात चमकतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. विल्यम कमिंग या इंग्रज डॉक्टरने १८४६ साली दाखवून दिलं होतं, की माणसाची बाहुलीसुद्धा ठराविक कोनातून पाहिली तर तांबूस उजळते. मित्र ब्रुकेनेही त्यावर काम केलं होतं. हे सगळं विद्यार्थ्यांना समजावून सांगताना हेल्महोल्ट्झच्या मनात एक साधा प्रश्न आला : डोळ्यातून हा जो उजेड परत बाहेर येतो, तो जातो कुठे? त्याची प्रतिमा कुठे पडते?

उत्तरही साधंच होतं. उजेड ज्या वाटेने आत जातो, त्याच वाटेने परत दिव्याकडे येतो. डोळ्याची बाहुली काळी दिसते ती आत काळोख आहे म्हणून नव्हे. आतून परतणारा उजेड पकडायचा तर आपला डोळा दिव्याच्याच जागी हवा. पण तिथे डोळा न्यावा तर आपलं डोकं दिव्याच्या आड येतं आणि आत जाणारा उजेडच बंद होतो. हजारो वर्षं वैद्य रोग्याच्या डोळ्यांत डोकावत आले, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या आड आली ती त्यांच्या स्वतःच्याच डोक्याची सावली. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो याहून वेगळा काय असतो?

आता हे डोकं बाजूला कसं करायचं? हेल्महोल्ट्झने दिवा बाजूला ठेवला आणि रोग्याच्या डोळ्यासमोर काचेचा तुकडा तिरका धरला. संध्याकाळी खिडकीच्या काचेत आपल्याला आपलं प्रतिबिंबही दिसतं आणि पलीकडचा रस्ताही दिसतो, तसंच काहीसं. दिव्याचा थोडा उजेड काचेवरून वळून रोग्याच्या डोळ्यात गेला, पडद्यावर पडला, आल्या वाटेने परतला, आणि त्यातला थोडा काचेतून आरपार येऊन पलीकडे बसलेल्या प्राध्यापकांच्या डोळ्यात शिरला. एका काचेने उजेड पुरेना, म्हणून काही पातळ काचा एकावर एक ठेवल्या. चित्र स्पष्ट होईना, म्हणून चष्म्याचं एक भिंग लावलं. पहिलं यंत्र बनलं ते पुठ्ठा, डिंक, चष्म्याची भिंगं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात त्या काचा यांचं. ते वापरायला इतकं अवघड होतं, की असं दिसायलाच हवं या सिद्धांतावर भरवसा नसता तर त्यांनी नाद सोडला असता, असं त्यांनी पुढे कबूल केलं आहे. आठवडाभराच्या खटपटीनंतर एका काळोख्या खोलीत जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा त्यांना स्वच्छ दिसला. रक्तवाहिन्या दिसल्या, त्यातली धमनी कुठली आणि शीर कुठली ते ओळखता आलं, आणि मेंदूकडे जाणारी नस जिथून निघते ती फिकट टिकलीही दिसली.

६ डिसेंबर १८५० रोजी बर्लिनच्या पदार्थविज्ञान मंडळाला त्यांनी ही बातमी कळवली. त्याच महिन्यात वडिलांनाही पत्र घातलं. त्या पत्रातला आशय मला फार आवडतो. या शोधाला शाळेत शिकलेल्या प्रकाशशास्त्रापलीकडे काहीही लागलं नाही, आणि इतकी वर्षं हे आपल्याला किंवा इतर कुणाला सुचू नये याचंच आता हसू येतं, असं मुलाने लिहिलं. शाळामास्तर असलेल्या बापाला याहून मोठी गुरुदक्षिणा ती कुठली? १८५१ मध्ये त्यांनी यंत्राचं संपूर्ण वर्णन पुस्तिकारूपाने छापलं. काच किती तिरकी धरायची, भिंग कुठलं घ्यायचं, सगळं त्यात होतं. ज्याला हवं त्याने करून घ्यावं. जर्मनीत त्याला डोळ्याचा आरसा म्हणत. पुढे ऑफ्थॅल्मोस्कोप हे नाव जगभर रूढ झालं.

इथे एका गृहस्थांची हकिगत सांगायलाच हवी. गणकयंत्राचा आद्य आराखडा मांडणारे लंडनचे चार्ल्स बॅबेज यांनी १८४७ च्या सुमारास आरशाचा पारा मध्ये थोडासा खरवडून असंच एक साधन केलं होतं आणि एका नामांकित नेत्रवैद्याला दाखवलं होतं. त्या नेत्रवैद्याला त्याचं महत्त्व वाटलं नाही आणि गोष्ट तिथेच राहिली. साधन हाती येणं वेगळं आणि त्यातून काय दिसायला हवं हे आधी कळणं वेगळं. हेल्महोल्ट्झकडे दुसरी गोष्ट होती.

नव्या यंत्राचं स्वागत सगळ्यांनीच केलं असं नाही. आजारी डोळ्यात असा उघडा उजेड सोडणं धोक्याचं आहे, असं एका मान्यवर शल्यवैद्याने सांगितलं. दुसऱ्याचं म्हणणं, की ज्यांची स्वतःची नजर अधू आहे अशा डॉक्टरांनी ते वापरावं, माझे डोळे चांगले आहेत. पण बर्लिनमध्ये आल्ब्रेख्त फॉन ग्रेफ नावाचा विशीतला एक डॉक्टर होता. त्याने ते यंत्र हाती घेतलं आणि नेत्रवैद्यक बदलून टाकलं. तोवर बाहेरून डोळा निर्मळ आणि दृष्टी मात्र गेलेली, अशा सगळ्या रोग्यांना एकच नाव होतं. त्या नावाचा खरा अर्थ एवढाच, की रोग्याला दिसत नाही आणि डॉक्टरलाही काही दिसत नाही. आता त्या एका नावाखालून निरनिराळे आजार सुटे होऊ लागले. मेंदूतला दाब वाढला की डोळ्यातल्या नसेचं टोक सुजतं, हे ग्रेफने दाखवलं. पडद्याची मुख्य धमनी तुंबली तर काय दिसतं, ते टिपलं. व्हिएन्नाच्या एडुआर्ड येगर यांनी मधुमेहाने पडद्यावर होणारे बदल १८५० च्या दशकातच वर्णिले. अण्णांचा आजार तिथे पहिल्यांदा माणसाच्या नजरेला पडला.

चुकाही झाल्या. काचबिंदूत त्या फिकट टिकलीला खड्डा पडतो. पण सुरुवातीला ग्रेफ आणि येगर दोघांनाही तो उंचवटा वाटला. पुढे शवविच्छेदनातून खरं काय ते कळलं, आणि ग्रेफने स्वतःची चूक सुधारून घेतली. दिसणं आणि समजणं यांत अंतर असतं ते असं. त्यानंतर लवकरच, १८५७ मध्ये, त्यानेच काचबिंदूवरची शस्त्रक्रिया जगापुढे ठेवली. ज्या दुखण्यात अंधत्व अटळ मानलं जाई, त्यात कित्येकांची नजर वाचू लागली. क्षयाने ग्रेफ १८७० साली गेला तेव्हा तो अवघा बेचाळीस वर्षांचा होता.

क्षयाने हेल्महोल्ट्झ यांचं घरही सोडलं नाही. क्योनिग्सबर्गची थंडी ओल्गाला मानवेना, म्हणून १८५५ मध्ये ते बॉनला गेले, तिथून १८५८ मध्ये हायडेलबर्गला. पुढचं १८५९ साल मोठं वाईट उगवलं. जूनमध्ये वडील गेले. डिसेंबरअखेर ओल्गा गेली. पदरात दोन लहान मुलं. ज्या माणसाने साऱ्या जगाच्या डॉक्टरांना शरीरात डोकावायची खिडकी उघडून दिली, त्याला बायकोच्या छातीत काय चाललंय ते पाहायला खिडकी नव्हती. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून छत्तीस वर्षं होती.

१८६१ मध्ये आना फॉन मोल यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला. संसार पुन्हा उभा राहिला आणि कामाचा डोंगरही. डोळ्याच्या शास्त्रावरचा त्यांचा ग्रंथ १८५६ ते १८६७ अशा अकरा वर्षांत पुरा झाला. जवळचं पाहताना डोळ्यातलं भिंग आकार कसा बदलतं, तीन मूळ रंगांच्या संवेदनांतून सगळे रंग कसे घडतात, हे त्यात आहे. आपल्या घरातला टीव्ही याच तीन रंगांवर चालतो. डोळ्याची इतकी बारकाईने तपासणी केल्यावर ते एका व्याख्यानात गमतीने म्हणाले होते, की एखाद्या चष्मेवाल्याने इतके दोष असलेलं यंत्र मला विकलं असतं तर मी ते कानउघाडणी करून परत केलं असतं. अर्थात स्वतःचे डोळे आपण परत करणार नाही, हेही त्यांनी पुढे सांगून टाकलं.

१८७१ मध्ये ते बर्लिनला पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. पैशाअभावी जो विषय सतराव्या वर्षी सोडावा लागला होता, तो पन्नासाव्या वर्षी असा हाती आला. रेडिओलहरी दाखवून देणारे हाइनरिख हर्ट्झ हे त्यांचेच शिष्य. सम्राटाने सरदारकी दिली, नावामागे फॉन लागलं, मोजमापांच्या नव्या राष्ट्रीय संस्थेचं अध्यक्षपद आलं. १८८६ साली हायडेलबर्गला नेत्रवैद्यांच्या परिषदेने ग्रेफच्या नावाचं पहिलं पदक त्यांना दिलं. त्या समारंभात त्यांनी सगळं श्रेय ग्रेफ आणि इतर डॉक्टरांच्या पदरात टाकलं. शिल्पकाराला चांगली छिन्नी करून देणाऱ्या लोहाराएवढाच आपला वाटा, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. पण दैव एका हाताने देतं आणि दुसऱ्या हाताने नेतं. थोरली मुलगी तरुणपणीच गेली. १८८९ मध्ये रॉबर्ट हा हुशार मुलगा सत्ताविसाव्या वर्षी गेला. १८९३ साली ते शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाला जाऊन आले. परतीच्या प्रवासात बोटीच्या जिन्यावरून पडले आणि पुन्हा पहिल्यासारखे झाले नाहीत. ८ सप्टेंबर १८९४ रोजी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांचा अंत झाला.

यंत्र मात्र थांबलं नाही. १८८६ मध्येच इंग्लंडात जिवंत माणसाच्या पडद्याचं छायाचित्र प्रसिद्ध झालं. त्यासाठी रोग्याला सुमारे अडीच मिनिटं निश्चल बसावं लागलं होतं. माझं काम डोळा मिटायच्या आत झालं. १९४५ चं सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहून पडदा भाजलेल्या लोकांना तपासताना जर्मनीतल्या मायर-श्विकेराथ या डॉक्टरांना सुचलं, की अशा भाजण्याचा उपचारासाठी उपयोग करता येईल. दाखवणारा उजेड असा बरं करणारा झाला, आणि त्यातून लेसरचे उपचार आले. मधुमेहाने बिघडलेल्या पडद्यावर वेळीच लेसर केला तर तीव्र अंधत्वाचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने १९७६ मध्ये सिद्ध केलं. १९६१ साली दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी शिरेत रंगद्रव्य टोचून पडद्यातला रक्तप्रवाह छायाचित्रात पकडला. १९९१ मध्ये अमेरिकेत डेव्हिड ह्वांग, जेम्स फुजिमोटो, एरिक स्वॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओसीटी ही पद्धत जगापुढे ठेवली. पडद्याच्या निरनिराळ्या थरांवरून उजेड किती मागेपुढे परततो, ते मोजून हे यंत्र पडद्याचा उभा छेद दाखवतं. कांदा न कापता त्याच्या पाकळ्या मोजाव्यात, तसं. या तिघांना २०२३ मध्ये अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. पडद्याला सूज आहे का, इंजेक्शनने ती उतरली का, याचा हिशोब आज या छेदावरूनच ठेवतात.

आणि आता बॅबेजचं गणकयंत्रही या खोलीत परत आलं आहे. २०१६ मध्ये गूगलच्या संशोधकांनी सव्वा लाखाहून अधिक छायाचित्रं शिकवून संगणकाला मधुमेहाचे ठिपके ओळखायला लावलं. त्यात आपल्याकडच्या मदुराईच्या अरविंद आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालय या रुग्णालयांतली छायाचित्रंही होती. २०१८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी डॉक्टरच्या मदतीशिवाय हा निदानाचा कौल देणाऱ्या पहिल्या यंत्राला परवानगी दिली. त्याच वर्षी असंही दिसलं, की नुसत्या पडद्याच्या छायाचित्रावरून संगणक माणसाचं वय अंदाजतो आणि स्त्री की पुरुष हेही बहुतेक वेळा बरोबर सांगतो. नेत्रतज्ज्ञांना स्वतःला हे त्या चित्रात कधी दिसलं नव्हतं. ग्रेफच्या खड्ड्याची आणि उंचवट्याची गोष्ट अजून संपलेली नाही, एवढाच मी त्याचा अर्थ घेतो.

हे सगळं वाचताना मला एका खेड्यातल्या शाखेची तपासणी आठवते. तिजोरीचं कुलूप शाबूत, किल्ल्या दोघांकडे, पुस्तकांचा ताळा पैशाला पैसा जमलेला. आमच्याबरोबरच्या जुन्या तपासनीसांनी मात्र नोटांची पुडकी सोडायला लावली. वरची नोट शंभराची, खालची शंभराची, आणि मधल्या दहाच्या. बाहेरून सगळं ठीक आहे हाच तिथे पुरावा म्हणून पुढे केला जात होता. अण्णांचं पंचांग वाचणं आणि मावशींचा सुईतला दोरा म्हणजे हे शाबूत कुलूप. पडद्याच्या कडेला रक्तवाहिन्या झिरपू लागल्या तरी मधला भाग ठीक असेतो अक्षरं स्वच्छ दिसतात. पुडकं सोडून मोजल्याशिवाय कळत नाही.

आणि मोजून फायदा होतो का? होतो. इंग्लंडमध्ये २००३ पासून मधुमेहाच्या रोग्यांच्या पडद्याची नियमित छायाचित्रं काढायची देशव्यापी योजना सुरू झाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं, की कामकरी वयाच्या लोकांतल्या नोंदलेल्या अंधत्वाचं पहिलं कारण हा मान मधुमेहाने तिथे किमान पन्नास वर्षांत प्रथमच गमावला होता. त्यात साखरेवरचे सुधारलेले उपचारही आले, पण वेळेवर आत बघण्याचा वाटा मोठा. आपल्याकडे २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासाने मधुमेहींची संख्या दहा कोटींवर असल्याचं सांगितलं. दहा कोटी माणसं म्हणजे वीस कोटी डोळे. आज त्यांच्यात डोकावायचं साधन आहे, उपचार आहेत. आड येतं ते पुन्हा आपलंच डोकं. मला तर सगळं दिसतंय, असं म्हणणारं.

माझे ठिपके अजून बारीक आहेत. साखर सांभाळा आणि सहा महिन्यांनी या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मी बाहेर आलो तेव्हा मावशी आत गेल्या होत्या. रिक्षाची वाट बघत काळा चष्मा लावून थांबलो होतो, तेवढ्यात त्या नातवाचा हात धरून आल्या. पुढच्या आठवड्यात लेसरसाठी बोलावलंय म्हणाल्या. आवाजात कुरकुर नव्हती. थोडा वेळ गप्प राहून त्यांनी विचारलं, की हे आतलं बघायचं यंत्र काढलं तरी कुणी? मी सांगितलं, एका शाळामास्तरांच्या मुलाने, पुठ्ठा आणि डिंक घेऊन. त्यांना ते पटलं नसावं. नातू मात्र हसला.

घरी आल्यावर डायरीत सहा महिन्यांनंतरची तारीख लाल शाईने लिहिली. बँकेत असताना कर्जदारांच्या हप्त्यांच्या तारखा मी अशाच लिहीत असे, आणि त्या चुकल्या की पत्रं पाठवत असे. ही तारीख चुकली तर पत्र पाठवणारं कुणी नाही.